शेजारी देशांशी जैवतंत्रज्ञानाच्या माहितीची देवाणघेवाण हवी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

केंद्रीय कृषिमंत्र्यांनी 4 मे 2025 रोजी जनुकसंपादित, म्हणजे स्वतःच्याच जनुकांत नेमका बदल केलेल्या, भाताच्या दोन वाणांची घोषणा केली, तेव्हापासून मराठी वृत्तपत्रांतून या विषयावर बरेच लिहून येत आहे. हे वाण सुरक्षित आहेत का आणि त्यांच्यावर हक्क कोणाचा, या दोन प्रश्नांभोवती बहुतेक चर्चा फिरते, आणि ते दोन्ही प्रश्न महत्त्वाचेच आहेत. मात्र ज्या एका बाजूविषयी जवळजवळ कोणीच लिहीत नाही, तिच्याकडे लक्ष वेधण्यासाठी मी हे पत्र लिहीत आहे. विकसनशील देश, त्यांतही आपण आणि आपले सख्खे शेजारी, जैवतंत्रज्ञानाच्या क्षेत्रातील माहिती एकमेकांना देतो का, आणि देत नसलो तर त्याची किंमत कोण मोजतो, हा तो प्रश्न आहे.

घोषणा झालेल्या दोन वाणांपैकी 'कमला' या वाणाची कुळी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. हैदराबादच्या भारतीय भात संशोधन संस्थेने 'सांबा मसुरी' या लोकप्रिय भाताच्या, लोंबीतील दाण्यांची संख्या ठरवणाऱ्या जनुकात नेमका बदल करून हे वाण काढले. सांबा मसुरी 1980 च्या दशकात आंध्रातील बापटला येथे तयार झाली. तिच्या पूर्वजांत कोइमतूरच्या एका जुन्या वाणाबरोबर तैवानचे 'तायचुंग नेटिव्ह 1' आणि मलेशियातून आलेली 'मसुरी' आहेत. या मसुरीचे मूळ पुन्हा भारतातच आहे. 1950 नंतर संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने आशियाई देशांसाठी इंडिका आणि जपोनिका या भाताच्या दोन प्रकारांच्या संकराचा संयुक्त कार्यक्रम कटकच्या भात संशोधन संस्थेत चालवला. देशांनी आपापली वाणे पाठवायची, संकर कटकला करायचा आणि पुढच्या पिढीचे बी निवडीसाठी त्या त्या देशाकडे परत पाठवायचे, अशी त्याची पद्धत होती. मलेशियाच्या वाट्याला गेलेल्या संकरातून तेथे 1960 च्या दशकात मसुरी निवडली गेली, ती पुढे आपल्याकडे आली आणि आंध्रातील शेतकऱ्यांनी ती उचलून धरली. म्हणजे ज्या वाणाकडे आपण आज स्वदेशी विज्ञानाचे यश म्हणून अभिमानाने पाहतो, ते नुकत्याच स्वतंत्र झालेल्या किंवा स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर असलेल्या गरीब देशांनी एकमेकांवर विश्वास टाकल्यामुळे शक्य झाले.

त्या काळी देवाणघेवाण बियाण्याची होती. आज खरी देवाणघेवाण माहितीची आहे. रोगजंतूंच्या जनुकीय क्रमाची (म्हणजे त्यांच्या जनुकांतील घटकांच्या मांडणीची), चाचण्यांतील आकडेवारीची, कोणत्या शेतात काय टिकले आणि काय फसले याची. नेमक्या याच बाबतीत आपण आणि आपले शेजारी हात आखडता घेऊ लागलो आहोत, आणि हे धोक्याचे का आहे, ते बांगलादेशातील गव्हाच्या उदाहरणावरून फार स्पष्ट दिसते.

गव्हावरील ब्लास्ट हा भातावरील करप्याच्याच बुरशीच्या एका वेगळ्या प्रकारामुळे होणारा रोग आहे. 1985 मध्ये तो ब्राझीलच्या पराना प्रांतात प्रथम दिसला आणि पुढची तीस वर्षे दक्षिण अमेरिकेतच राहिला. फेब्रुवारी 2016 मध्ये मात्र बांगलादेशाच्या नैर्ऋत्येकडील जिल्ह्यांत ओंब्या अचानक पांढऱ्या पडू लागल्या. या रोगाचे लक्षण मोठे फसवे असते. पाने हिरवीगार असतात, ताट उभे असते, आणि ओंबी तेवढी पांढरी झालेली दिसल्यामुळे गहू लवकर पिकला असा शेतकऱ्याचा समज होतो. ओंबीच्या दांड्यावर जेथे बुरशी शिरते तेथे एक काळपट डाग पडतो, त्याच्या वरचा सगळा भाग पोसणे थांबते, आणि ओंबी चोळून पाहिली की हातात सुरकुतलेले, वजनहीन दाणे येतात. हे लक्षात येईपर्यंत फवारणीची वेळ निघून गेलेली असते. त्या एका हंगामात सुमारे 15 हजार हेक्टर गव्हाला हा रोग लागला, सर्वाधिक फटका मेहेरपूर जिल्ह्याला बसला, आणि रोग पसरू नये म्हणून सरकारी बीजोत्पादन केंद्रांवरील उभी पिके जाळावी लागली.

अशा प्रसंगी बहुतेक सरकारांची पहिली प्रतिक्रिया बातमी दाबण्याची असते, आणि शास्त्रज्ञांची पहिली प्रतिक्रिया, दुर्दैवाने, शोधनिबंध छापून येईपर्यंत आकडे स्वतःजवळ ठेवण्याची असते. बांगलादेशातील गाझीपूरच्या कृषी विद्यापीठातील प्राध्यापक तोफज्जल इस्लाम यांनी वेगळा मार्ग धरला. त्यांनी रोगट पानांचे व ओंब्यांचे तुकडे शेतातच परिरक्षक द्रावणात घेऊन इंग्लंडमधील नॉर्विच येथील सहकाऱ्यांकडे पाठवले. बुरशी प्रयोगशाळेत वाढवत न बसता त्या तुकड्यांतील जनुकीय साहित्याचाच क्रम वाचला गेला, आणि तो हाती येताच, कोणताही निबंध प्रसिद्ध होण्याआधी, जगातील कोणालाही वापरता येईल अशा रीतीने संकेतस्थळावर खुला करण्यात आला. नॉर्विचचे सोफिएन कामून आणि इतर शास्त्रज्ञांनी यात पुढाकार घेतला. स्वित्झर्लंडपासून ब्राझीलपर्यंतच्या अभ्यासकांच्या हाती तो क्रम पडला आणि काही आठवड्यांतच उत्तर मिळाले. ही बुरशी बांगलादेशातील भाताच्या किंवा गवताच्या करप्यातून उद्भवलेली नव्हती, तर दक्षिण अमेरिकेतील गव्हावर आढळणाऱ्या बुरशीच्याच प्रकारातली होती.

या उत्तराला केवळ शास्त्रीय मोल नव्हते. बुरशी स्थानिक भातावरून गव्हावर उडी मारून आली असती, तर भात पिकवणारा सगळा पूर्व भारत धोक्यात होता आणि उपाय नव्याने शोधावे लागले असते. ती दक्षिण अमेरिकेची आहे हे कळल्यामुळे दक्षिण अमेरिकेत तीस वर्षांत जमलेला अनुभव थेट उपयोगी पडला. रानटी गवताकडून गव्हात आलेला गुणसूत्राचा एक तुकडा या रोगाला बऱ्याच प्रमाणात आळा घालतो, हे तेथे आधीच माहीत झाले होते. तो तुकडा असलेला 'बारी गोम 33' हा वाण बांगलादेशाने 2017 मध्येच, म्हणजे रोग दिसल्यापासून अवघ्या दुसऱ्या वर्षी, प्रसारित केला. नवे वाण शेतकऱ्याच्या हाती पडायला एरवी किती वर्षे जातात हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या वेगाचे महत्त्व वेगळे सांगायला नको. पुढे शेतातच रोग ओळखता यावा यासाठीची झटपट चाचणी बांगलादेशी आणि चिनी शास्त्रज्ञांनी मिळून तयार केली, आणि 2018 मध्ये आफ्रिकेतील झांबियात हाच रोग दिसला तेव्हा तुलनेसाठी बांगलादेशाची माहिती हाताशी होती.

मेहेरपूर आणि आपला नदिया जिल्हा यांच्यामध्ये फक्त आंतरराष्ट्रीय सीमा आहे. ही बुरशी वाऱ्यानेही पसरते आणि बियाण्याबरोबरही जाते. 2017 मध्ये नदिया आणि मुर्शिदाबाद या जिल्ह्यांत तशीच लक्षणे दिसल्यावर पश्चिम बंगाल सरकारला तेथील पीक नष्ट करावे लागले, त्या दोन्ही जिल्ह्यांत काही हंगाम गहू घेण्यास बंदी घालावी लागली आणि इतरत्र सीमेलगतच्या पाच किलोमीटरच्या पट्ट्यात ती लागू करावी लागली. बिहार, उत्तर प्रदेश आणि पंजाबच्या गव्हापर्यंत हा रोग पोहोचला असता तर काय झाले असते, याचा विचारही करवत नाही. रोगप्रतिकारक वाण हुडकण्यासाठी भारतीय गव्हाचे वाण बांगलादेशातील जशोर येथे आणि बोलिव्हियात, रोग मुद्दाम वाढू दिलेल्या प्रक्षेत्रांवर लावून तपासले गेले, कारण ज्या रोगाला आपण देशाबाहेर ठेवू पाहतो त्याची चाचणी देशात घेणे शहाणपणाचे नसते. दुसऱ्या देशाने आपली जमीन आणि आपली आपत्ती आपल्या अभ्यासासाठी उपलब्ध करून दिली, असे हे सहकार्य आहे. त्याची नोंद आपल्याकडे जितकी घेतली जायला हवी होती तितकी घेतली गेलेली नाही.

तरीही हे सारे घडले ते काही व्यक्तींच्या उदारपणामुळे आणि काही आंतरराष्ट्रीय संस्थांच्या तत्परतेमुळे. ते घडायलाच हवे असे बंधन कोणत्याही करारात नव्हते. उद्या दुसरा रोग आला, दुसरा प्राध्यापक असला आणि त्याच्या वरिष्ठांनी माहिती बाहेर देऊ नये असे बजावले, तर आपल्या हाती काहीच येणार नाही. याची उलटी उदाहरणेही आपल्यापुढे आहेत. कापसाच्या पानांचा चुरडा-मुरडा करणारा विषाणूजन्य रोग पाकिस्तानात मुलतानजवळ 1967 मध्ये आढळला, 1990 च्या दशकाच्या प्रारंभी तेथे त्याने हाहाकार उडवला आणि 1993 मध्ये तो राजस्थानच्या श्रीगंगानगरमध्ये पोहोचला. फैसलाबादचे आणि आपले शास्त्रज्ञ एकाच विषाणूकुळाचा अभ्यास दशकानुदशके करीत आले आहेत, पण त्यांची भेट झालीच तर ती तिसऱ्याच देशातील परिषदेत होते. राजकारणाच्या अडचणी मला कळतात. मात्र पांढऱ्या माशीवरून पसरणारा विषाणू त्या अडचणी पाळत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राशी थेट संबंधित असलेल्या उदाहरणाकडे वळतो. जमिनीतील एका जिवाणूचे जनुक घातल्यामुळे शेंडा व फळ पोखरणाऱ्या अळीला प्रतिकार करणारे बीटी वांगे मूळ जालन्याच्या महिको कंपनीच्या प्रयोगशाळेतले. अमेरिकी मदतीच्या एका प्रकल्पातून हे तंत्रज्ञान बांगलादेश आणि फिलिपिन्स या देशांतील सार्वजनिक संस्थांना आणि आपल्याकडील कोइमतूर व धारवाडच्या कृषी विद्यापीठांना देण्यात आले. भारतात जनुकीय अभियांत्रिकी मान्यता समितीने ऑक्टोबर 2009 मध्ये त्याला अनुकूलता दर्शवली. त्यानंतर तत्कालीन पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी नागपूरसह सात शहरांत जाहीर सुनावण्या घेतल्या आणि 9 फेब्रुवारी 2010 रोजी या वाणाला स्थगिती दिली. ती स्थगिती आजही कायम आहे. बांगलादेशाने 30 ऑक्टोबर 2013 रोजी मान्यता दिली आणि जानेवारी 2014 मध्ये 20 शेतकऱ्यांना पहिली रोपे दिली. काही वर्षांतच तेथे हजारो शेतकरी ही वांगी लावू लागले. फिलिपिन्समध्ये प्रकरण न्यायालयांत गेले, 2022 मध्ये लागवडीला परवानगी मिळाली आणि एप्रिल 2024 मध्ये तेथील अपील न्यायालयाने जैवसुरक्षा परवाने रद्द केले.

एकच तंत्रज्ञान, तीन विकसनशील देश आणि तीन वेगळे निर्णय. यांतला कोणता बरोबर हे ठरवण्यासाठी मी हे पत्र लिहीत नाही. मला खटकते ते हे की, स्थगिती देताना 'आणखी अभ्यास हवा' असे जे कारण दिले गेले, तो अभ्यास शेजारच्या देशात, आपल्यासारख्याच हवामानात, आपल्यासारख्याच लहान शेतकऱ्यांच्या शेतांवर दहा वर्षांहून अधिक काळ चालू आहे, आणि तरीही तो औपचारिकपणे मागवून, तपासून, त्यावर जाहीर मत देण्याची कोणतीही व्यवस्था आपल्याकडे नाही. फवारण्या कमी झाल्या आणि उत्पादन वाढले, असे आंतरराष्ट्रीय अन्न धोरण संशोधन संस्थेच्या अभ्यासात दिसले. उलट, अनेक शेतकऱ्यांचा अनुभव निराशाजनक होता, असे बांगलादेशातीलच काही संघटना सांगतात. अळीत प्रतिकारशक्ती वाढते आहे का, ही प्रतिकारशक्ती वाढू नये म्हणून कडेने साध्या वांग्याच्या ओळी लावण्याचा नियम प्रत्यक्षात पाळला जातो का, देशी वाणांवर काय परिणाम झाला, या प्रश्नांची उत्तरे बाजूच्या आणि विरोधाच्या दोन्ही मंडळींना हवी असायला हवीत. ती मिळत नाहीत म्हणून आपल्याकडचा वाद 2010 च्या मुक्कामावरच थांबला आहे, आणि दरम्यान 2019 मध्ये हरयाणातील फतेहाबाद जिल्ह्यात चोरून लावलेले बीटी वांगे सापडले. त्याच वर्षी अकोला जिल्ह्यात शेतकरी संघटनेच्या कार्यकर्त्यांनी परवानगी नसलेले तणनाशक-सहनशील कापसाचे बियाणे उघडपणे पेरून सत्याग्रह केला. अधिकृत माहितीचा रस्ता बंद राहिला की शेतकरी विक्रेत्याच्या आणि ऐकीव गोष्टींच्या भरवशावर निर्णय घेतो, आणि त्यात फसला तर दाद मागायलाही जागा उरत नाही.

देशांतर्गत पारदर्शकतेचा इतिहासही फारसा उत्साहवर्धक नाही. याच वांग्याच्या विषारीपणाविषयी व ॲलर्जीविषयी झालेल्या चाचण्यांची मूळ माहिती लोकांपुढे यावी यासाठी माहितीच्या अधिकाराखाली अर्ज करावा लागला, प्रकरण केंद्रीय माहिती आयोगाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, तेव्हा कोठे ती खुली झाली. आपल्याच नागरिकांना जी माहिती कोर्टाची पायरी चढल्यावर मिळते, ती ढाक्याला किंवा काठमांडूला आपण आपणहून देऊ, अशी अपेक्षा करणे कठीण आहे. म्हणून माझ्या मते शेजाऱ्यांशी देवाणघेवाण आणि घरातील खुलेपणा ही एकाच कामाची दोन अंगे आहेत. नव्या जनुकसंपादित भाताच्या बाबतीतही चाचण्यांची मूळ आकडेवारी आत्ताच, वाद चिघळण्याआधी, सर्वांना पाहता येईल अशी ठेवली पाहिजे.

माहिती खुली करण्याला एक गंभीर आक्षेप घेतला जातो आणि तो टाळून पुढे जाणे योग्य होणार नाही. आपण आपले जनुकीय धन जगापुढे ठेवायचे, श्रीमंत देशांतील कंपन्यांनी त्यावर उत्पादन बनवायचे आणि तेच आपल्याला महागात विकत घ्यावे लागायचे, ही भीती निराधार नाही. बर्ड फ्लूच्या विषाणूचे नमुने इंडोनेशियाने 2007 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेला देणे थांबवले ते याच कारणाने. तेथील विषाणूवरून परदेशी कंपनी लस बनवत होती आणि ती इंडोनेशियाच्या लोकांना मिळेल याची हमी कोणी देत नव्हते. त्या ताठर भूमिकेतूनच पुढे 2011 मध्ये नमुने आणि त्यांपासून होणारे लाभ या दोहोंच्या वाटपाचा आंतरराष्ट्रीय आराखडा मंजूर झाला. नोव्हेंबर 2021 मध्ये दक्षिण आफ्रिका आणि बोट्स्वानाच्या शास्त्रज्ञांनी करोना विषाणूच्या ओमिक्रॉन या नव्या प्रकाराचा जनुकीय क्रम तत्काळ जगापुढे ठेवला, आणि त्याचे बक्षीस म्हणून काही दिवसांतच अनेक देशांनी त्या भागातून येणारी विमाने बंद केली. प्रामाणिकपणाची अशी शिक्षा मिळत असेल तर पुढच्या वेळी कोणता देश बोलेल?

पण या आक्षेपाचे उत्तर माहिती कुलुपात ठेवणे हे नाही, आणि याचा उत्तम दाखला आपल्याच अनुभवात आहे. जखमेवर हळद लावण्याच्या उपयोगासाठी अमेरिकेत 1995 मध्ये पेटंट दिले गेले, तेव्हा डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द करून घेतले. तो लढा जिंकला गेला तो छापील पुराव्यांवर. हळदीचा हा गुण आपल्याकडे आधीच लिहून, छापून प्रसिद्ध झालेला होता, हे जुने ग्रंथ आणि भारतीय वैद्यकीय नियतकालिकातील 1953 चा लेख दाखवून सिद्ध करता आले. 'आमच्या घराघरांत आजीला हे ठाऊक आहे' एवढे सांगून पेटंट कार्यालय ऐकणार नव्हते. म्हणजे नोंद करून तारखेनिशी प्रसिद्ध केलेली माहिती हीच आपली ढाल ठरली. जे प्रसिद्ध झाले आहे त्यावर दुसऱ्याला नवेपणाचा दावा करता येत नाही. शिवाय जनुकीय क्रमांच्या वापरातून होणाऱ्या लाभाचा वाटा मूळ देशांना मिळावा यासाठी जैवविविधता कराराखाली 2024 मध्ये कोलंबियातील काली येथे निधी उभारण्याचे ठरले. त्या निधीवर परिणामकारक हक्क सांगायचा, तर आपली माहिती नीट नोंदलेली, कोणाची आणि कोठली हे स्पष्ट असलेली असायला हवी. एकेकट्या नेपाळला किंवा भूतानला तसे करणे अवघड आहे. दक्षिण आशियाने एकत्र येऊन केले तर जमण्यासारखे आहे.

यासाठी लागणारे सांगाडे आपल्याकडे पूर्वीपासून आहेत, ही गोष्ट मला सर्वांत जास्त बोचते. दक्षिण आशियाई देशांच्या सार्क या संघटनेच्या ढाक्यातील कृषी केंद्राची सुरुवात 1980 च्या दशकाच्या अखेरीस कृषी माहिती केंद्र म्हणूनच झाली होती. सार्क बियाणे बँकेचा करार 2011 मध्ये मालदीवमधील शिखर परिषदेत झाला. त्यानंतर 2014 च्या काठमांडू परिषदेपासून सार्कची शिखर परिषदच भरलेली नाही, आणि त्याबरोबर ही कामेही मागे पडली. उलट गव्हाच्या तांबेरा या बुरशीजन्य रोगावर लक्ष ठेवण्यासाठी ठरावीक वाणांचा एकच संच भारत, नेपाळ, बांगलादेश, भूतान आणि पाकिस्तानातही लावायचा आणि कोठे कोणता तांबेरा दिसला हे शिमल्याच्या केंद्राने जुळवून पाहायचे, असा साधा उपक्रम आपल्या गहू संशोधकांनी या प्रदेशात चालवला. त्याला ना मोठा निधी लागला, ना मोठे समारंभ. शेतात लावलेल्या काही ओळी आणि वेळेवर पाठवलेली पाने, एवढ्यावर तो चालला. ज्यांना महाबळेश्वरचे गहू तांबेरा संशोधन केंद्र किंवा निफाडचे गहू संशोधन केंद्र परिचित आहे, त्यांना अशा चिकाटीच्या कामाची किंमत ठाऊक असेल.

विकसनशील देशांच्या पुढाकारातून उभी राहिलेली आंतरराष्ट्रीय जनुकीय अभियांत्रिकी व जैवतंत्रज्ञान केंद्र ही संस्थाही आपल्या दारात आहे. 1983 मध्ये तिच्या स्थापनेचा करार झाला. इटलीतील त्रिएस्ते आणि नवी दिल्ली येथे तिच्या प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, पुढे केपटाउनलाही झाली. फरीदाबादला युनेस्कोच्या सहकार्याने प्रादेशिक जैवतंत्रज्ञान केंद्र आहे, आणि तेथेच नोव्हेंबर 2022 मध्ये भारतीय जैविक माहिती केंद्राचे उद्घाटन झाले. जनुकीय क्रम साठवणारी जगातील तीन मोठी भांडारे अमेरिका, युरोप आणि जपान येथे आहेत. त्यांच्याशी फटकून वागण्याचे कारण नाही, पण आपल्या प्रदेशातील माहिती आपल्या प्रदेशातही, आपल्या नियमांनुसार, जपली जावी ही अपेक्षा रास्त आहे. फरीदाबादचे हे भांडार शेजारी देशांच्या शास्त्रज्ञांना माहिती जमा करण्यासाठी आणि वापरण्यासाठी बरोबरीच्या नात्याने खुले केले, तर फार मोठा खर्च न करता एक प्रादेशिक व्यवस्था उभी राहू शकते. बरोबरीच्या नात्याने हे शब्द मी जाणूनबुजून वापरत आहे. माहिती सगळ्यांनी द्यायची आणि किल्ल्या दिल्लीत राहायच्या, अशी व्यवस्था कोणताही स्वाभिमानी शेजारी स्वीकारणार नाही आणि त्याने स्वीकारूही नये.

सार्क अडकले असेल तर बंगालच्या उपसागराच्या प्रदेशातील देशांच्या 'बिमस्टेक' या गटाच्या मार्गाने जावे. त्याचे सचिवालय ढाक्यातच आहे आणि त्यात बांगलादेश, नेपाळ, भूतान, श्रीलंका, म्यानमार व थायलंड हे देश आपल्याबरोबर आहेत. पिकांवरचा किंवा जनावरांवरचा नवा रोग आढळल्यास त्याचा जनुकीय क्रम ठरावीक दिवसांत प्रादेशिक भांडारात ठेवण्याचे बंधन सदस्य देशांनी स्वीकारावे, आणि असा रोग प्रथम कळवणाऱ्या देशावर शास्त्रीय आधाराशिवाय व्यापारबंदी लादणार नाही, अशी हमी इतरांनी द्यावी. ही दुसरी अट नसेल तर पहिली कागदावरच राहील. जनुकबदल केलेल्या सजीवांविषयीच्या कार्टाजेना जैवसुरक्षा या आंतरराष्ट्रीय कराराखाली देशांनी आपले निर्णय एका सामायिक माहितीकेंद्राला कळवायचे असतात. भारत आणि बांगलादेश दोघेही त्या कराराचे सदस्य आहेत. परंतु तेथे प्रामुख्याने निर्णय नोंदले जातात. परवानगीनंतर शेतात काय घडले याची वर्षावर्षाची आकडेवारी, आणि अपयशी ठरलेल्या चाचण्यांचीही, प्रादेशिक पातळीवर एकत्र ठेवली जावी. फसलेला प्रयोग लपवला की शेजारचा देश तोच प्रयोग पुन्हा करतो, आणि पैसा दोन्हीकडच्या गरीब करदात्यांचा जातो.

महाराष्ट्र सरकारला यात काही करता येणार नाही असे मुळीच नाही. राहुरी, अकोला, परभणी आणि दापोली ही चार कृषी विद्यापीठे आपल्याकडे आहेत. वांगे, कापूस, मका, भात या पिकांवर बांगलादेशातील आणि पूर्व आफ्रिकेतील संस्थांशी थेट करार करण्याचा आग्रह राज्याने केंद्राकडे धरावा. अमेरिकन लष्करी अळी आफ्रिकेत 2016 मध्ये पोहोचली, मे 2018 मध्ये ती कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी सोलापूर जिल्ह्यात आली. मधल्या दोन वर्षांत केनिया-इथिओपियातील शेतकऱ्यांनी मक्याच्या पोंग्यातील या अळीशी जो झगडा केला, त्याचा अनुभव आपल्या मका उत्पादकापर्यंत अळीच्या आधी पोहोचायला हवा होता. नैरोबीच्या कीटक संशोधन केंद्राने मक्याच्या ओळींत एक द्विदल चारा आणि कडेने एक गवत लावून अळी कमी करण्याची पद्धत तपासली होती. ती आपल्याकडे चालेल की नाही, हे तपासायला तरी ती आधी आपल्याला कळायला हवी.

आणि जी माहिती येईल ती मराठीत यावी. बांगलादेशातील वांग्यांचे दहा वर्षांचे निष्कर्ष, त्यांतील उलटसुलट मतांसह, समजेल अशा मराठीत छापून प्रत्येक तालुका कृषी अधिकाऱ्याच्या टेबलावर आणि कृषी विज्ञान केंद्राच्या फलकावर असावेत, एवढी मागणी आपल्या वृत्तपत्राने लावून धरावी, अशी माझी विनंती आहे. येत्या अधिवेशनात एखाद्या आमदाराने कृषिमंत्र्यांना याबाबत प्रश्न विचारला, तर निदान अशी आकडेवारी राज्याकडे आहे का, आणि नसल्यास ती कोणाकडे मागितली होती, हे तरी सभागृहाच्या नोंदीत येईल.

आपला विश्वासू,
एक निवृत्त कृषी शिक्षक,
निफाड, जि. नाशिक